कागदपत्रं बरोबर आहेत

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. रविवारची दुपार होती, जेवण उरकून मी नुकताच आडवा झालो होतो आणि धाकट्या भावाचा मुलगा पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभा राहिला. पोरगा मेकॅनिकल इंजिनिअर. वर्षभर अर्ज करून करून थकला होता. अखेर पुण्याजवळच्या एका खासगी कारखान्यात नोकरी लागली. पगाराचा आकडा ऐकून घरात सगळ्यांनाच बरं वाटलं. हिनं पेढे देवापुढे ठेवले आणि सहज विचारावं तसं विचारलं, "काय बनवतात रे तिथं?" पोरगा जरा चाचरला. "तोफेचे सुटे भाग, काकू. तोफगोळ्यांची कवचंही. बरंचसं परदेशात जातं." "बरं बरं," म्हणत ही चहा टाकायला आत गेली.

त्याचं ते चाचरणं मात्र माझ्या लक्षात राहिलं. संध्याकाळी तोच म्हणाला, "काका, एक सिनेमा बघू या? नोकरीचं कळल्यावर मित्रांनी मला चिडवायला म्हणून सुचवलाय." सिनेमाचं नाव 'लॉर्ड ऑफ वॉर'. तसा तो जुना, २००५ सालचा. तेव्हा मी एका शाखेचा व्यवस्थापक होतो आणि थकीत कर्जांच्या याद्यांतून डोकं वर काढायला सवड नव्हती, म्हणून राहून गेला होता. दिग्दर्शक अँड्र्यू निकोल, मूळचे न्यूझीलंडचे. 'द ट्रुमन शो'ची पटकथा त्यांचीच. नायक, म्हणजे खरं तर खलनायक, निकोलस केज. आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो. ही अर्ध्यावर उठून गेली. का, ते पुढं सांगतो.

सिनेमाची सुरुवातच अशी आहे की खुर्चीत सावरून बसावं लागतं. एका गोळीचं आयुष्य आपण पाहतो. कॅमेरा जणू त्या गोळीच्याच पाठीवर बसवलेला. कारखान्यात धातूचा पत्रा कापला जातो, त्याचं काडतूस होतं, हजारो भावंडांबरोबर ते पट्ट्यावरून पुढं सरकतं, कुणीतरी उचलून तपासतं, पेटीत टाकतं. पेटी गाडीत, गाडीतून जहाजात. देश बदलतो, ऊन बदलतं, पेटी उघडणाऱ्या हातांचा रंग बदलतो. शेवटी आफ्रिकेतल्या कुठल्याशा रस्त्यावर ते काडतूस बंदुकीत भरलं जातं. समोर एक पोरगा आहे, अजून मिसरूडही न फुटलेला. गोळीचं आयुष्य तिथं संपतं. त्याचंही. बंदुकीचा चाप ओढणारा सोडला तर या सगळ्या प्रवासात गोळीला भेटलेला एकही माणूस दुष्ट दिसत नाही. जो तो आपलं काम चोख करतोय.

मला एकदम खडकी आठवली. माझे थोरले मामा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. १८६९ पासूनचा तो कारखाना. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं मामांकडं जात असू. भोंगा झाला की मामी कुकर चढवायची आणि पुढच्या भोंग्याला मामांच्या सायकलची घंटी वाजायची. १९७१ च्या डिसेंबरात मामा दोन-दोन पाळ्या करून घरी येत, बोलायचंही त्राण नसे, आणि बारा वर्षांच्या मला त्यांचा केवढा अभिमान वाटायचा! पुढं माझ्या कॉलेजच्या फीचे पैसे मामांच्याच पगारातून आले. तेव्हा पुतण्याला उपदेश करायला मी तोंड उघडलंच असतं, तर भिंतीवरच्या फोटोतून मामांनी डोळे वटारले असते. फरक शोधायचाच झाला तर एक आहे. मामांनी केलेली काडतुसं आपल्या जवानांकडं जात, हे मामांना ठाऊक होतं. पुतण्याचा माल कुठं जातो, असं मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "कागदावर ज्या देशाचं नाव असेल तिथं."

आता सिनेमाकडं वळतो. यूरी ऑरलॉव्ह हा युक्रेनमधून लहानपणी न्यूयॉर्कला आलेल्या कुटुंबातला थोरला मुलगा. बापाचं ब्रुकलिनमध्ये छोटंसं उपाहारगृह. माणसाला जेवण लागतं म्हणून कुणी खानावळ काढतं, तशीच माणसाला बंदूकही लागतेच, एवढा साधा हिशेब यूरी मांडतो आणि धंद्याला लागतो. धाकटा भाऊ विटाली सोबतीला. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळतो आणि युक्रेनमधली शस्त्रांची कोठारं राखायला धड पगारही न मिळणारे सैनिक उरतात. यूरीचा काका तिथं जनरल असतो. मग काय, घरचाच माल. (इथं आमच्या पुतण्यानं माझ्याकडं बघून डोळा बारीक केला.) तिथून पुढं यूरीची विमानं कुठल्याही यादवीत कुठल्याही बाजूला माल पोचवतात. त्याला शत्रू नाही, मित्र नाही, मत नाही. धंद्यातला जुना प्रतिस्पर्धी आपण निदान बाजू तरी घेतो असं म्हणणारा. यूरीला ते गावंढळ वाटतं.

आमची ही उठली तो प्रसंग असा. लायबेरियाचा हुकूमशहा यूरीनं नमुन्यादाखल आणलेलं पिस्तूल हातात घेतो आणि दालनातच एका मुलीशी लगट करणाऱ्या स्वतःच्याच सैनिकाला सहज गोळी घालतो. यूरीच्या तोंडून निषेधाचा शब्द निघून जातो. पिस्तुलाचं तोंड त्याच्याकडं वळतं. आणि यूरी क्षणात सावरतो: आपली तक्रार एवढीच की हे पिस्तूल आता वापरलेलं झालं, ते नवं म्हणून विकता कसं येणार! हुकूमशहा खदखदून हसतो. प्रेक्षागृहात हा प्रसंग पाहणारेही हसले असणार. मलाही हसू फुटलं होतं. ही म्हणाली, "हसताय कसले?" आणि आत गेली. या सिनेमाची सगळी ताकद आणि सगळी खोडी त्या एका प्रसंगात आहे. तो आधी हसवतो, आणि आपण कशाला हसलो हे मागाहून आपल्याच ध्यानात आणून देतो.

पण मला, तीस-पस्तीस वर्षं बॅंकेत घालवलेल्या माणसाला, खरं खिळवून ठेवलं ते गोळीबाराच्या दृश्यांनी नव्हे, तर कागदांच्या दृश्यांनी. यूरीचं जहाज भर समुद्रात आहे, तपासणी नौका मागावर आहे, तर हा दोरावर लटकणाऱ्या खलाशांकडून जहाजाचं नाव पुसून दुसरं रंगवून घेतो आणि ध्वज बदलतो. नेदरलँड्स आणि फ्रान्स यांच्या ध्वजांत तेच तीन रंग. एकाचा ध्वज फिरवून लावला की दुसऱ्याचा देश होतो. पुढं लढाऊ हेलिकॉप्टर विकताना तो शस्त्रं काढून वेगळ्या खेपेत पाठवतो. मग उरतं ते मदतकार्याचं हेलिकॉप्टर, त्याला कोण अडवणार? इंटरपोलचा प्रामाणिक अधिकारी पिस्तूल रोखून समोर उभा असतो, आणि यूरी त्याच्या हातात कागद ठेवतो. कागद बरोबर असतो.

शस्त्रांच्या बाजारातला सर्वांत मोलाचा कागद म्हणजे एंड-युजर सर्टिफिकेट. हा माल अखेर वापरणार कोण, हे ज्या देशाला माल हवा त्या सरकारनं लिहून द्यायचं, आणि विकणाऱ्या देशानं त्यावर विसंबून परवाना द्यायचा. सोय चांगली, हेतू चांगला. पण हा कागद विकत मिळतो, खोटाही करता येतो, आणि खरा असला तरी माल उतरल्यावर तो पुढं कुठं गेला हे बघायला सहसा कुणी जात नाही.

हे सगळं परदेशातलं, सिनेमातलं, असं समजायचं कारण नाही. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालमधल्या पुरुलिया जिल्ह्यात गावकऱ्यांच्या शेतांत आकाशातून पेट्या पडल्या. पॅराशूट लावलेल्या. आत शेकडो एके-४७ रायफली आणि लाखो काडतुसं. अँतोनोव्ह जातीचं ते मालवाहू विमान बल्गेरियाहून निघून कराची, वाराणसी असं थांबत आलं होतं, आणि माल टाकून पुढं थायलंडला निघूनही गेलं. चार-पाच दिवसांनी ते परत भारतावरून जात असताना आपल्या हवाई दलाच्या मिगनं त्याला खाली उतरवलं. कुठं? आपल्या मुंबईच्या विमानतळावर! आत ब्रिटिश शस्त्रदलाल पीटर ब्लीच आणि पाच जणांचा लाटव्हियन चमू होता. सूत्रधार किम डेव्ही मात्र त्याच विमानतळावरून निसटला. आणि बल्गेरियात माल घेताना दाखवलेला कागद? त्यावर माल बांगलादेशसाठी होता. कलकत्त्याच्या न्यायालयानं २००० साली जन्मठेप ठोठावली, रशियाच्या विनंतीवरून विमानातले पाच जण त्याच वर्षी सुटले, ब्लीच २००४ मध्ये सुटला. डेव्ही, म्हणजेच नील्स होल्क, डेन्मार्कमध्ये राहिला आणि २०११ मध्ये व पुन्हा २०२४ मध्ये तिथल्या न्यायालयांनी त्याला भारताच्या हवाली करायला नकार दिला. सिनेमातही यूरीचं अँतोनोव्ह विमान लढाऊ विमान पाठलाग करून उतरवतं. तो पोलीस यायच्या आत सगळा माल जमलेल्या गावकऱ्यांना फुकट वाटून टाकतो, लहान पोरांनासुद्धा, म्हणजे पुरावाच उरत नाही. ते दृश्य बघताना दिग्दर्शक फार ताणतोय असं ज्यांना वाटेल, त्यांनी पुरुलिया आठवावं.

त्या डिसेंबरात मी फोर्टमधल्या आमच्या परकीय चलन विभागात होतो. सकाळच्या लोकलमध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता. चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून मी हिरिरीनं म्हणत असे, "अहो, एवढं विमान देशात येतं, थांबतं, इंधन भरतं, आणि कुणीच आत काय आहे ते बघत नाही? कागद बघून सोडून देतात म्हणजे काय!" ऐकणारे माना डोलावत. आता खरी गोष्ट सांगतो. ती इतकी वर्षं मी घरातही सांगितली नव्हती.

लेटर ऑफ क्रेडिट म्हणजे काय, हे बॅंकेबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगायला हवं. सांगलीच्या व्यापाऱ्यानं हॅम्बुर्गला हळद पाठवली, तर पैसे मिळतील की नाही ही त्याला धास्ती. हळदच येईल की आणखी काही, ही तिकडच्याला. म्हणून मधे बॅंका उभ्या राहतात. तिकडची बॅंक हमी देते, की ठरलेली कागदपत्रं ठरलेल्या मुदतीत दाखवा आणि पैसे घ्या. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लॅडिंग, विम्याचा कागद. हळद बॅंकेत कुणी आणून दाखवत नाही. १९९४ पासून लागू झालेल्या 'यूसीपी ५००' या आंतरराष्ट्रीय नियमावलीत ते स्वच्छ होतं आणि २००७ पासूनच्या 'यूसीपी ६००' मध्येही आहे: बॅंकांचा व्यवहार कागदपत्रांशी, मालाशी नाही. नियम शहाणपणाचा आहे. प्रत्येक बॅंक पेट्या फोडत बसली तर जगाचा व्यापार उद्या बंद पडेल. नव्या अधिकाऱ्यांना शिकवताना हे वाक्य मी फळ्यावर लिहीत असे.

पुरुलियानंतर सहा-सात महिन्यांनी माझ्या टेबलावर एका निर्यातदाराचं बिल आलं. खातं जुनं, उलाढाल मोठी, वरच्या मजल्यावर ऊठबस. माल लिहिला होता पंपाचे सुटे भाग. आमच्या विभागात एक बाई होत्या, हुद्द्यानं कारकून, पण नजर अशी की स्वल्पविराम चुकला तरी सापडायचा. त्या पॅकिंग लिस्ट घेऊन माझ्यापुढं आल्या. म्हणाल्या, "साहेब, चाळीस पेट्या आहेत. वेगवेगळे भाग आहेत म्हणतात, आणि प्रत्येक पेटीचं वजन किलोपर्यंत तंतोतंत सारखं. आणि दर बघितलात? आमच्या गावाकडं याच्या दहाव्या हिश्शात अख्खा पंप येतो." मी कागद एकावर एक ठेवून पाहिले. इनव्हॉइस जुळत होतं, बिल ऑफ लॅडिंग जुळत होतं, तारखा जुळत होत्या, क्रेडिटच्या अटीत एकही उणं नव्हतं. मी हसून फळ्यावरचं ते वाक्य त्यांना ऐकवलं. त्या म्हणाल्या, "एक फोन करून विचारायला काय हरकत आहे?" मी म्हटलं, "कुणाला? आणि काय म्हणून?" बिल पास केलं, सही केली. त्या बाई त्यानंतर असलं काही घेऊन माझ्याकडं आल्या नाहीत.

त्या पेट्यांत बंदुका नव्हत्या, हे मी आज ठामपणे म्हणू शकतो. बहुधा इकडचा पैसा तिकडं आणि तिकडचा इकडं फिरवायचा प्रकार असावा. पण 'बहुधा' एवढंच. मला माहीत करून घ्यायचं नव्हतं, आणि न घेण्याची सोय नियमानंच करून ठेवली होती. माझ्यावर कुणाचं दडपण आलं नाही, कुणी पाकीट दिलं नाही. दिलं असतं तर मी ते परत केलं असतं आणि आज ती गोष्ट फुशारकीनं सांगितली असती. यूरी पडद्यावर प्रेक्षकांकडं वळून, अगदी मोकळ्या, जवळिकीच्या सुरात आपलं तत्त्वज्ञान सांगतो, तेव्हा आपल्याला गोळी कुणी झाडली ते ठाऊक नाही आणि आपण फक्त पुरवठादार आहोत असा त्याचा रोख असतो. तो सूर माझ्या ओळखीचा होता.

सिनेमा ज्यांच्यावरून सुचला असं म्हणतात त्यांतला एक व्हिक्टर बूट. (आडनावावर हसू नये, रशियन आहे.) सोव्हिएत संघाच्या पडझडीनंतर जुनी मालवाहू विमानं गोळा करून त्यानं आफ्रिकेतल्या यादव्यांना शस्त्रं पुरवली. गंमत अशी, की २००३ नंतर इराकमध्ये त्याच्याशी जोडलेल्या कंपन्यांची विमानं अमेरिकन सैन्यासाठीच माल वाहत होती. त्यालाच पुढं अमेरिकेनं २००८ मध्ये बॅंकॉकला सापळा लावून पकडवलं, २०१२ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये एका अमेरिकन बास्केटबॉलपटूच्या बदल्यात त्याला सोडून दिलं. पुढच्याच वर्षी तो उल्यानोव्स्कच्या प्रांतिक विधानसभेवर निवडून गेला. सिनेमात यूरीला अखेर अटक होते, आणि तो शांतपणे त्या प्रामाणिक अधिकाऱ्याला सांगतो की आता दारावर टकटक होईल आणि तुझाच वरिष्ठ मला सोडवेल. कारण जी कामं सरकारांना उजळ माथ्यानं करता येत नाहीत त्यांसाठी माझ्यासारखे लागतात. टकटक होते. २००५ च्या पटकथेनं २०२२ ची बातमी जवळजवळ लिहून ठेवली होती.

शेवटच्या पाटीवर दिग्दर्शक सांगतो, की जगातले पाच सर्वांत मोठे शस्त्रपुरवठादार म्हणजे अमेरिका, ब्रिटन, रशिया, फ्रान्स आणि चीन, आणि सुरक्षा परिषदेचे कायम सदस्यही हेच पाच. निकोलनी मुलाखतींत सांगितलेली एक हकिगत या पाटीपेक्षाही बोलकी आहे. चित्रीकरणासाठी तीन हजार रायफली हव्या होत्या. खोट्या बनवण्यापेक्षा खऱ्या विकत घेणं स्वस्त पडलं! एका दृश्यातले ओळीनं उभे केलेले रणगाडे एका झेक दलालाचे होते आणि चित्रीकरण लवकर आटपा म्हणून त्याची घाई होती, कारण ते लिबियाला विकायचे होते.

आणि आपण? आपण कायम गिऱ्हाईकाच्या बाजूला होतो. २०२० ते २०२४ या पाच वर्षांत युक्रेनखालोखाल सर्वाधिक शस्त्रं आयात करणारा देश भारतच, असं स्टॉकहोमची 'सिप्री' ही संस्था सांगते. त्याच स्वीडनच्या बोफोर्सनं १९८६ मध्ये आपल्याला ४१० तोफा विकल्या आणि १९८७ मध्ये स्वीडिश रेडिओनं दलालीची बातमी फोडली. पुढं काय रामायण झालं ते माझ्या वयाच्या वाचकांना तोंडपाठ आहे. मला त्यातला एक तपशील नेहमी टोचतो. बोफोर्सचा कारखाना १८९४ मध्ये विकत घेणारा गृहस्थ म्हणजे आल्फ्रेड नोबेल. शांततेचं पारितोषिक ठेवणारे तेच. दुसरा तपशील उलट बाजूनं टोचतो. त्याच तोफांनी १९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर आपल्या जवानांचे प्राण वाचवले. म्हणजे तोफ वाईट म्हणावी तर कारगिल आठवतं, चांगली म्हणावी तर दलाली. आता आपण विक्रेतेही झालो आहोत. २०२४-२५ मध्ये भारताची संरक्षण निर्यात २३,६२२ कोटी रुपयांवर गेली आणि बातम्यांत तो आकडा दिवाळीसारखा साजरा झाला. शस्त्रव्यापाराला लगाम घालणारा करार २ एप्रिल २०१३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १५४ मतांनी मंजूर झाला, तेव्हा आपण तटस्थ होतो. करारात विक्रेत्यांचंच पारडं जड आहे असं आपलं म्हणणं. तेव्हा आपण मुख्यतः गिऱ्हाईक होतो. आता दुकान टाकल्यावर काय म्हणणार, ते बघायचं.

सिनेमा संपल्यावर पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, म्हणजे मी नाही केलं तर दुसरा कुणी करणारच. सिनेमा हेच सांगतो ना?" हेच सांगतो, आणि माझं भांडण इथंच आहे. यूरीला घरी किंमत मोजावी लागते, हे दिग्दर्शक दाखवतो. मुलाच्या हातातली खेळण्यातली बंदूक तो गुपचूप कचऱ्यात टाकतो. स्वतःच्या घरात त्याला ती चालत नाही. विटाली डोळ्यांदेखत होणारं हत्याकांड थांबवायला शस्त्रांचा एक ट्रक उडवून देतो आणि मारला जातो, आणि यूरी उरलेल्या ट्रकचे हिरे मोजून घेतो. बायको मुलाला घेऊन निघून जाते. सगळं खरं. पण पटकथेत नाही म्हणणारा एकटा विटाली, आणि तो व्यसनाधीन, दुबळा, मरणारा. प्रामाणिक अधिकारी हरणारा. जगात सगळेच विकाऊ, वरपासून खालपर्यंत, म्हणून कुणालाच विचारण्यात अर्थ नाही, हे बोलणं कडवट वाटतं, धाडसी वाटतं. पण ते फार सोयीचंही आहे. ते ऐकून मला १९९६ च्या त्या सहीबद्दल काही वाटायचं कारणच उरत नाही.

मी पुतण्याला दर्बानची हकिगत सांगितली. एप्रिल २००८. 'आन यूए जियांग' नावाचं चिनी जहाज दक्षिण आफ्रिकेच्या दर्बान बंदराबाहेर येऊन उभं राहिलं. आत झिंबाब्वेसाठी शस्त्रं. त्यांत रायफलीची तीस लाख काडतुसं. झिंबाब्वेत नुकतंच मतदान झालं होतं, मुगाबेंचं सरकार निकाल दाबून बसलं होतं आणि विरोधकांना मारहाण चालू होती. दक्षिण आफ्रिकेच्या समितीनं माल देशातून नेण्याचा रीतसर परवाना दिला होता. आपण मधे पडू शकत नाही, असं सरकारचं म्हणणं. म्हणजे कागदपत्रं पूर्ण, निर्दोष. माझ्या टेबलावर आली असती तर मीही पास केली असती. बंदरावरच्या हमालांच्या संघटनेनं सांगितलं, आम्ही हे उतरवणार नाही. ज्यांच्या हाती कागद नव्हतेच, फक्त पेट्या होत्या, त्यांनी पेट्यांना हात लावला नाही. एक बिशप आणि एक कार्यकर्ता न्यायालयात गेले, न्यायालयानं वाहतूक थांबवली, आणि जहाज एकही पेटी न उतरवता नांगर उचलून निघून गेलं. पुतण्या म्हणाला, "म्हणजे नोकरी सोडू?" मी म्हटलं, "मी तसं म्हटलेलं नाही. त्यांनीही नोकरी सोडली नव्हती." यापुढं मला सुचलं नाही. हिनं पानं वाढल्याचं सांगितलं आणि आम्ही उठलो.

गेल्या मंगळवारी रात्री त्याचा फोन आला. नव्या मुलांना सगळ्या विभागांतून फिरवतात, म्हणून सध्या त्याला निर्यातीच्या कागदपत्रांवर बसवलंय. एका परदेशी सर्टिफिकेटवरचा शिक्का एका खात्याचा आहे आणि वरच्या लेटरहेडवर नाव दुसऱ्याच खात्याचं. त्याचे साहेब म्हणाले, टायपिंगची चूक असेल, पाठव पुढं. मी विचारलं, "मग तू काय केलंस?"

"त्यांच्या दिल्लीच्या दूतावासाला फोन केला. त्यांनी लेखी विचारा म्हणून सांगितलं, मग लेखी पाठवलं. साहेब रागावलेत काका. तीन दिवस फाइल माझ्याच टेबलावर आहे."

काल रात्रीपर्यंत दूतावासाचं उत्तर आलेलं नव्हतं. हिनं त्याला आज जेवायला बोलावलंय.